क्लॉ मशीन, जुगाराचा गुन्हा आणि घरगुती मीटर

प्रश्न : मालवणात भाड्याच्या गाळ्यात मी दोन वर्षं व्हिडिओ गेम पार्लर चालवतो. पाच प्लेस्टेशन, दोन रेसिंग सीट, एक एअर हॉकी, टेडी उचलायचं एक क्लॉ मशीन आणि नाणी ढकलायचं एक मशीन. एप्रिलमध्ये पोलिसांची धाड पडली. दोन्ही मशीन, दोन प्लेस्टेशन आणि गल्ल्यातले 7,300 रुपये जप्त करून माझ्यावर महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 4 आणि 5 खाली गुन्हा नोंदवला. माझ्याकडे शॉप ॲक्टची पावती आहे, नगरपरिषदेचा ना हरकत दाखलाही आहे. चार दिवसांनी वीज कंपनीचं पथक आलं. घरगुती मीटरवर धंदा चालतो म्हणून 58,000 रुपयांची तात्पुरती आकारणी हातात ठेवली. घरमालक आता महिनाअखेर गाळा खाली कर म्हणतो. करार शंभराच्या स्टॅम्पवर आहे, नोंदवलेला नाही. मे महिन्याची सुट्टी तोंडावर आहे. कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला की सुटशील, असं एकजण सांगतो. काय करू?

उत्तर : गुन्हा कबूल करू नका. तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यांपैकी सगळ्यात महाग पडणारा सल्ला हाच आहे. उघड्यावर पत्ते कुटताना सापडलेले लोक थोडाफार दंड भरून सुटताना दिसतात, त्यांच्यावर कलम 12 असतं. तुमच्यावरचं कलम 4 हे जुगाराचा अड्डा चालवल्याचं आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि पहिल्या गुन्ह्यालाही किमान शिक्षा कायद्यातच लिहून ठेवलेली आहे. कबुली दिलीत तर मशीन नष्ट करण्याचा आदेश होऊ शकतो आणि पुढे परवान्याच्या प्रत्येक अर्जावर ही शिक्षा आडवी येईल.

तुरुंगाची धास्ती मात्र आज नको. कलम 4 आणि 5 दोन्ही जामीनपात्र आहेत. जामीन हा तुमचा हक्क आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती आधी हातात घ्या आणि त्यात भारतीय न्याय संहितेचं कलम 112 घुसवलेलं नाही ना, ते पाहा. ‘किरकोळ संघटित गुन्हा’ असं त्याचं नाव. टोळीनं चालवलेल्या विनापरवाना जुगाराचा त्यात उल्लेख आहे आणि शिक्षा एक ते सात वर्षं. ते अजामीनपात्र आहे. असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता ओरोसला, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाका. एकट्यादुकट्याच्या पार्लरला ‘टोळी’ म्हणणं कोर्टात टिकणं अवघड, पण तो वाद आतून घालण्यापेक्षा बाहेर राहून घातलेला बरा.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पार्लरमध्ये दोन वेगळे धंदे एका छपराखाली होते, आणि पोलिसांनी दोन्हींना एकच नाव दिलं. तासाला अमुक रुपये घेऊन प्लेस्टेशन खेळायला देणं हा एक. गिऱ्हाईक खेळतो आणि उठून जातो, त्याला परत काही मिळत नाही. पैजच नाही, तर जुगार कुठून येणार? दुसरा धंदा पैसे घालून वस्तू किंवा पैसे ‘लागण्या’चा. वाद सगळा या दुसऱ्याचा आहे.

जुगार कायद्याचं कलम 13 म्हणतं, निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. इथे ‘निव्वळ’चा अर्थ नशीब शून्य असा घेत नाहीत, कौशल्याचं पारडं जड असलं की पुरे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यतीच्या, के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात सांगितलं. रेसिंग, फुटबॉल, एअर हॉकी यात अडचण नाही. नाणी ढकलायच्या मशीनचा बचाव करायला मी कुणाला सांगणार नाही. नाणं कधी टाकायचं एवढंच खेळणाऱ्याच्या हातात असतं. कडेवरचा ढीग कधी कोसळेल ते नाही.

क्लॉ मशीन मधलं आहे आणि तुमचा खटला बहुधा त्यावरच अडेल. बाहेरून ते कौशल्याचं वाटतं : दांडा हलवा, नेम धरा, बटण दाबा. पण आत सेटिंगचा मेनू असतो. पंज्याच्या पकडीची ताकद त्यात कमीजास्त करता येते आणि किती डावांमागे एकदा घट्ट पकड द्यायची तो आकडाही भरता येतो. आकडा 20 ठेवला असेल तर बाकीच्या एकोणीस डावांत नेम कितीही अचूक असो, पंजा टेडी उचलतो आणि अर्ध्यात सैल सोडतो. असं मशीन कौशल्याचं म्हणून कोर्टापुढे ठेवलंत आणि सरकार पक्षानं तंत्रज्ञ बोलावून मेनू उघडला, तर बचाव जागच्या जागी संपतो. एम. जे. सिवानी खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं व्हिडिओ गेमच्या परवान्याची सक्ती उचलून धरली, त्यामागेही हीच काळजी होती : मशीन मालकाला आतून बदलता येतं आणि खेळणाऱ्याचं कौशल्य निकामी करता येतं. तेव्हा तुमच्या मशीनमध्ये कोणता आकडा होता ते तुमच्या वकिलाला खरं खरं सांगा. मशीन सुपूर्तनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर) परत मिळालं तरी खटला संपेपर्यंत त्या मेनूला हात लावू नका. तो पुरावा आहे.

धाडीची कागदपत्रं बारकाईनं तपासा. सामान सापडलं एवढ्यावरून तो अड्डा होता असं गृहीत धरायची मुभा कोर्टाला कलम 7 देतं, पण झडती कलम 6 प्रमाणे झाली असेल तरच. म्हणजे अधिकार असलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचं विशेष वॉरंट हवं आणि झडती घेणारा किमान उपनिरीक्षक दर्जाचा हवा. वॉरंट नसेल, किंवा हवालदारानंच झडती घेऊन नंतर साहेबांची सही घेतली असेल, तर ते गृहीतक गळून पडतं आणि प्रत्यक्ष जुगार सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांवर येते. झडतीच्या व्हिडिओ चित्रीकरणाची प्रत लेखी अर्जानं मागा. तुमच्या स्वतःच्या सीसीटीव्हीचं फुटेज आजच पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. बरेच डीव्हीआर काही दिवसांनी जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसतात.

मुद्देमाल सोडवायची घाई करा. कोकणात हे मी मुद्दाम सांगतो आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पोलीस ठाण्याच्या पडवीत ताडपत्रीखाली पडलेलं मशीन परत आलं तरी चालू होईल याचा भरवसा नाही. खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, पॉवर सप्लाय ओल धरतो, नाण्याच्या खाचेतली स्प्रिंग गंजते. मालवणच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली अर्ज करा. खटला कोर्टापुढे चालू झाला असेल तर कलम 497. सोबत खरेदीची बिलं, अनुक्रमांकाचे फोटो आणि दमट हवेनं नुकसान होईल हे सांगणारं तंत्रज्ञाचं पत्र जोडा. प्लेस्टेशनचा आणि मशीनचा अर्ज एकत्र करू नका. प्लेस्टेशनचा जुगाराशी संबंध जोडणं कठीण, तो लवकर मंजूर व्हायची शक्यता जास्त. क्लॉच्या शेपटीला बांधलात तर तोही लोंबकळेल. रोख रकमेसाठी त्या दिवसाचा हिशेब आणि यूपीआयच्या नोंदी लावून तासाच्या भाड्याचा गल्ला वेगळा दाखवा.

अर्ज करण्यापूर्वी एक विचारतो : जप्त झालेल्या प्लेस्टेशनमध्ये चोरीचे गेम भरलेले नाहीत ना? जुने मॉडेल ‘मोडून’, म्हणजे त्यातलं कंपनीचं कुलूप तोडून, हार्ड डिस्कवर पन्नास-साठ गेम टाकून देणारे सगळीकडे आहेत. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम 63ब खाली चोरीचा सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते दोन लाख दंड आहे. धंद्यासाठी वापरलं असेल तर सवलतही नाही. तसं असेल तर ते यंत्र परत मागण्याआधी वकिलाशी बोला. अस्सल डिस्कही घरगुती वापराच्या अटीवर विकलेली असते, हेही ध्यानात असू द्या. पीसीवरच्या खेळांसाठी स्टीमसारख्या ऑनलाइन गेम विकणाऱ्या सेवांची गेमिंग कॅफेसाठी वेगळी योजना आहे.

तुमच्या दोन कागदांविषयी. शॉप ॲक्टची पावती म्हणजे थोडे कामगार असलेल्या दुकानदारानं दिलेली सूचना. तिचा संबंध कामगारांच्या तासांशी आणि सुट्टीशी, खेळांशी नाही. नगरपरिषदेचा दाखला जागेपुरता. सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणाचा परवाना महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 33 खालच्या नियमांनी लागतो आणि पोलीस आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यात तो विषय जिल्हादंडाधिकाऱ्यांचा. म्हणजे तुमच्यासाठी सिंधुदुर्गनगरी. दोन वर्षं तुम्ही याविना चालवलंत. त्याची शिक्षा कलम 131 खाली वेगळी आहे, जुगारापेक्षा बरीच सौम्य, पण बचाव करायला जागा नसलेली.

म्हणून मे महिन्यात शटर उघडू नका. पर्यटकांचे चार पैसे याच महिन्यात मिळतात आणि पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद झाली की गाव सुनं होतं, हे ठाऊक असूनही सांगतो. एकदा गुन्हा नोंदलेल्या जागी विनापरवाना दुसऱ्यांदा सापडलात तर परवाना नाकारायला आयतं कारण तुम्हीच दिलेलं असेल. त्याऐवजी अर्ज नीट करा. गाळ्याचा नकाशा, त्यात दोन्ही दारं आणि बाहेर पडायची वाट. प्रत्येक यंत्राचं नाव, अनुक्रमांक आणि त्यातून बक्षीस निघतं की नाही. परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदाराचा वायरिंग आणि अर्थिंगचा दाखला. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याची नोंद. आग विझवायचे एबीसी पावडरचे दोन सिलिंडर आणि त्यांची रिफिलची तारीख. राजकोटच्या गेम झोनला 25 मे 2024 रोजी आग लागून माणसं होरपळली, तेव्हापासून अशा जागांचा अर्ज आला की अधिकारी पहिल्यांदा दार आणि वायर बघतात. फोमच्या पॅनेलनं आवाज अडवला असेल तर अर्जाआधी काढून टाका. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

यंत्रांच्या यादीतून नाण्यांचं मशीन वगळा. क्लॉ ठेवायचंच असेल तर नवीन घ्या आणि ते ‘मिळेपर्यंत खेळा’ या पद्धतीवर लावून ती सेटिंग अर्जात लिहून द्या. मग ती टेडीची विक्रीच होते. माझं मत विचाराल तर तेही नको. आणि एक गोष्ट बहुतेक पार्लरवाल्यांच्या लक्षात येत नाही : पोरं ‘हरेल तो बिल भरेल’ म्हणून मॅच लावतात आणि तुम्ही हरलेल्याकडून दोघांचे पैसे घेता. कॅमेऱ्यात ते पैजेसारखंच दिसतं. पैसे खेळाआधी, माणशी, पावती करून घ्या. शाळेच्या वेळेत गणवेशातली मुलं आत नकोत. तक्रारींची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. काउंटरवर चौदा वर्षांखालचं मूल बसवू नका, घरचं असलं तरी.

विजेचं. वीज अधिनियम 2003 च्या कलम 126 खालची ही आकारणी तात्पुरती आहे. आक्षेप लेखी नोंदवा, सुनावणी मागा. तीस दिवसांत अंतिम आदेश व्हायला हवा. दर दुप्पट लावतात, तिथे घासाघीस होत नाही. तपासायचं ते युनिट. त्याच मीटरवर वर घरमालकाचं बिऱ्हाड असेल तर त्यांचा फ्रिज आणि पंप तुमच्या नावे धरलेला असतो, तो वेगळा काढायला सांगा. वापर कधीपासून होता ते ठरवता येत नसेल तर आकारणी मागच्या बारा महिन्यांपुरतीच करता येते. अंतिम आदेश पटला नाही तर तीस दिवसांत कलम 127 चं अपील, त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. दिवाणी कोर्टात जाऊ नका, कलम 145 नं तो रस्ता बंद आहे. मीटर घरमालकाच्या नावावर असलं तरी लाभ घेणाऱ्याकडून वसुली होऊ शकते, म्हणून कुणी किती भरायचं ते त्यांच्याशी कागदावर ठरवा. नवीन व्यापारी जोडणीचा अर्ज आत्ताच टाका. परवान्याच्या फाइलला ती लागेलच.

घरमालकाला महिनाअखेर तुम्हाला बाहेर काढता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी मालकाची; नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मुदत संपताच झटपट ताबा देणारं कलम 24 राहत्या जागेसाठी आहे, गाळ्यासाठी नाही. भाडं बँकेतून भरत राहा. ते घेत नसतील तर मनीऑर्डरनं पाठवा आणि परत आलेला कागद जपा. कुलूप लावलं तर पोलिसांत अर्ज द्या आणि सहा महिन्यांच्या आत विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली ताबा परत मिळवायचा दावा लावा. पण इतकं ताणण्याआधी त्यांना बोलवा, वीजबिलातला त्यांचा वाटा आणि नोंदणीचा खर्च एकाच बैठकीत मांडा. नोंदवलेल्या कराराशिवाय परवान्याचा अर्ज अडेल, आणि गाळा रिकामा पडला तर पावसाळ्यात त्यांनाही नवा भाडेकरू मिळणार नाही.

धाडीचा कागद फारच कच्चा निघाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली एफआयआर रद्द करून मागता येतो. त्यासाठी आता मुंबईची वारी नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात. वॉरंटची प्रत हातात आल्यावरच त्या खर्चाचा विचार करा.