पंधरा वर्षं होंडा सिव्हिक चालवली. आता अमेरिकन कंपनीची नवी छोटी गाडी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की मिशिगनमध्ये राहता, पंधरा वर्षांत एकामागून एक दोन सिव्हिक वापरल्या आणि आता शेवरोलेची ट्रॅक्स बघून आलात. ऑफिसातले म्हणतात, इथं राहतोस तर इथल्या कंपनीची घे. घरचे म्हणतात, चांगलं चाललंय त्यात नवा घोळ कशाला. मी शेजारच्या ओहायोत राहतो आणि २०११ साली याच पेचात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. गाडी खुशाल बदला. पण ‘अमेरिकन’ या शब्दासाठी बदलू नका, आणि बदललीत तर जुन्या गाडीच्या सवयी नव्या गाडीला लावू नका. माझं पहिलं वर्ष या दुसऱ्या गोष्टीपायी अवघड गेलं.

माझी सिव्हिक १९९८ सालची होती, हाताच्या गिअरची. सांगलीला मारुती ८०० वर शिकलो होतो, त्यामुळे क्लच नसलेल्या गाडीत पाय रिकामा रिकामा वाटायचा. फक्त गिअर डाव्या हाताऐवजी उजव्या हाताने टाकायचा, एवढंच नव्याने शिकावं लागलं. ती गाडी दोन लाख दहा हजार मैल चालली. मुलीला दवाखान्यातून घरी आणलं ते त्याच गाडीतून. आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा क्लीव्हलँडच्या विमानतळावरून त्यांना घेऊन आलो तेही तिच्यातूनच. पुढे इथल्या रस्त्यांवरच्या मिठाने मागच्या चाकांवरचा पत्रा खाल्ला आणि मेकॅनिकने सांगितलं की आता वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होईल.

दुसरी सिव्हिकच घ्यायची हे ठरलेलं होतं. पण २०११ हे होंडासाठी फार वाईट वर्ष होतं. मार्चमध्ये जपानचा भूकंप आणि त्सुनामी, ऑक्टोबरात थायलंडचा पूर. अयुथ्यातला त्यांचा कारखाना पाण्याखाली गेला आणि सुट्या भागांअभावी अमेरिकेतलं उत्पादनही कमी करावं लागलं. डीलरकडे हव्या त्या गाड्याच नव्हत्या. शिवाय त्याच वर्षी आलेल्या नव्या सिव्हिकला ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांसाठी गाड्या तपासणाऱ्या मासिकाने शिफारशीच्या यादीतून वगळलं होतं. अशा अवस्थेत, केवळ तुलना करावी म्हणून, मी शेवरोले क्रूझ चालवून पाहिली. विकत घ्यायचा विचार नव्हता.

तेव्हा शेवरोलेच्या मालक कंपनीच्या, म्हणजे जनरल मोटर्सच्या, दिवाळखोरीला अडीच वर्षं झाली होती. १ जून २००९ ला कंपनीने अर्ज केला, ४० दिवसांत नवी कंपनी बाहेर पडली, आणि त्यानंतर तिचे निम्म्याहून अधिक समभाग सरकारी खजिन्याकडे होते. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात मी क्रूझचं नाव काढलं तर चार जणांनी एका सुरात सांगितलं, पुढच्या वर्षी सर्व्हिसला कोण उभं करणार तुला? त्यांचं बरोबर होतं. अशी भीती वाटायला जागा होती.

तरीही मी घेतली, आणि कारण अगदी साधं होतं. क्रूझची इको नावाची एक आवृत्ती होती आणि तिच्यात हाताच्या गिअरलाच सगळ्यात जास्त मायलेज होतं. सरकारी आकडे होते शहरात २८ आणि हायवेला ४२ मैल प्रति गॅलन, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे १२ आणि १८ किलोमीटर लिटरला. त्यासाठी इंजिनिअरांनी काय काय केलं होतं ते वाचून मी हरखून गेलो. समोरच्या जाळीमागे आपोआप बंद होणाऱ्या झडपा, म्हणजे हायवेला हवा आत घुसून गाडीला अडवत नाही. हलकी चाकं, कमी घर्षणाचे टायर, आणि वरच्या आवृत्तीपेक्षा दोनशे पौंडांहून जास्त वजन कमी. या वर्गातल्या गाडीत दहा एअरबॅग तेव्हा सर्रास मिळत नव्हत्या, हिच्यात होत्या.

वजन कमी करताना त्यांनी स्टेपनीही काढून टाकली होती. डिकीत चाकाच्या जागी हवा भरायचा छोटा पंप आणि पंक्चर बुजवायच्या द्रवाची बाटली. बायको म्हणाली, “स्टेपनी नाही म्हणजे? रात्री हायवेवर टायर फाटला तर बाटली घेऊन काय करायचं?” तिचं म्हणणं मला पटलं. जुन्या सिव्हिकची स्टेपनी ठेवली होती, ती बसेना. सिव्हिकला चार बोल्ट, क्रूझला पाच. शेवटी क्रूझच्याच मापाची विकत आणली. तुम्हीही नवी गाडी बघायला जाल तेव्हा डिकीचा तळ उचलून बघा. आजकाल बऱ्याच गाड्यांत तिथं बाटलीच असते.

आता सवयींबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे.

माझ्या सिव्हिकच्या १.६ लिटरच्या इंजिनाची ताकद १०६ अश्वशक्ती, पण ती मिळायची इंजिनाच्या मिनिटाला ६२०० फेऱ्यांना. म्हणजे चढ आला की गिअर उतरवायचा, इंजिन ओरडू द्यायचं, आणि ते आनंदाने ओरडायचं. चौदा वर्षं माझे कान आणि पाय त्या आवाजावर बांधलेले. क्रूझचं इंजिन १.४ लिटरचं, टर्बो म्हणजे हवा दाबून आत ढकलणारा पंखा लावलेलं, १३८ अश्वशक्तीचं. ते १८५० फेऱ्यांपासूनच पूर्ण जोर लावतं, जवळपास २०० न्यूटन-मीटर. तिला सिव्हिकसारखं ओरडायला लावलं की पेट्रोल जातं आणि हाती काही लागत नाही. पहिले चार महिने मला मायलेज मिळेना आणि मी गाडीला दोष देत होतो. चूक माझी होती. लवकर वरचा गिअर टाकायला लागलो, सहाव्या गिअरला दोन हजारांच्या आसपास इंजिन ठेवून हायवेवर जायला लागलो, तशी कागदावरच्या आकड्यांपर्यंत पोचलो.

देखभालीचंही तसंच. जुनं साधं इंजिन माफ करतं. ऑइल बदलायला महिनाभर उशीर झाला, स्वस्तातलं घातलं, चालून जातं. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतो आणि त्याचं सगळं आयुष्य त्या ऑइलवर असतं. जनरल मोटर्स आपल्या गाड्यांसाठी ‘डेक्सॉस’ नावाचा दर्जा सांगते. डब्यावर ते चिन्ह असलेलंच ऑइल मी घातलं, आणि मैल भरले नाहीत तरी वर्षातून दोनदा. दर रविवारी थंड इंजिनावर कूलंटची पातळी बघितली. लांब चढ चढून आल्यावर गाडी लगेच बंद केली नाही. ट्रॅक्समध्येही १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे, १३७ अश्वशक्तीचं. म्हणून तुम्हालाही हेच करावं लागेल. तुमचा सिव्हिकचा मेकॅनिक टर्बोची कामं करतो का, हे गाडी घ्यायच्या आधी त्याला विचारा. माझी सिव्हिकनिष्ठा म्हणून जे काही होतं त्यातलं अर्धं त्या मेकॅनिकवरचं प्रेम होतं, हे मला नंतर कळलं.

आता ‘अमेरिकन’ या शब्दाकडे येतो. दोन्ही गाड्यांचे कागद शेजारी ठेवले तेव्हा मी थबकलो. प्रत्येक गाडीच्या व्हिन नंबरचा, म्हणजे तिच्या ओळख क्रमांकाचा, पहिला आकडा किंवा अक्षर ती कुठं बनली ते सांगतं. १, ४ किंवा ५ म्हणजे अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको, जे म्हणजे जपान, के म्हणजे कोरिया. माझ्या क्रूझचा नंबर १ ने सुरू होत होता. आणि चौदा वर्षं जिला सगळे ‘जपानी गाडी’ म्हणत होते त्या सिव्हिकचाही १ नेच. सिव्हिक बनली होती ओहायोतल्या ईस्ट लिबर्टीत, क्रूझ ओहायोतल्याच लॉर्ड्सटाउनमध्ये. दोन्ही गाड्या माझ्या घरापासून तीन तासांच्या आत जन्मलेल्या.

तुम्ही बघितलेली ट्रॅक्स कोरियात बनते. तिचा नंबर केएलने सुरू होतो. फोर्डची छोटी मॅव्हरिक मेक्सिकोतल्या एर्मोसियोत बनते. उलट टोयोटाची कोरोला सेडान मिसिसिपीत बनते, आणि सिव्हिक काही इंडियानातल्या ग्रीन्सबर्गला तर काही कॅनडात. नव्या गाडीच्या काचेवरच्या कागदावर हे सगळं छापलेलं असतं: जुळणी कुठं झाली, इंजिन आणि गिअरबॉक्स कुठले, अमेरिका-कॅनडाचे भाग किती टक्के. तो कागद वाचा आणि ऑफिसातल्या मित्रांनाही दाखवा. यात आता पैशाचाही भाग आहे. २०२५ च्या कायद्यानुसार २०२८ पर्यंत नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज, वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत, उत्पन्नातून वजा करता येतं. ठरावीक उत्पन्नापुढे सवलत कमी होत जाते, पण मुख्य अट म्हणजे गाडीची अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली हवी. कोरियातून आलेल्या अमेरिकन नावाच्या गाडीला ती सवलत नाही. मिसिसिपीच्या जपानी नावाच्या गाडीला आहे.

लॉर्ड्सटाउनबद्दल थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही. आम्ही वर्षातून दोन-तीनदा पिट्सबर्गच्या वेंकटेश्वर मंदिरात जातो. ओहायो टर्नपाइक या टोलच्या हायवेवरून तो कारखाना दिसतो, मैलभर पसरलेला. १९६६ साली सुरू झालेला. मुलगी लहान असताना आम्ही तिथून जाताना ती म्हणायची, “गाडीचं माहेर आलं.” २६ नोव्हेंबर २०१८ ला बातमी आली की लॉर्ड्सटाउनला पुढचं काम दिलेलं नाही. ६ मार्च २०१९ ला शेवटची क्रूझ तिथून बाहेर पडली. त्या संध्याकाळी पुण्याहून भावाचा फोन आला. त्याच्याकडे तळेगावात बनलेली शेवरोले बीट होती, आणि भारतात शेवरोलेची विक्री २०१७ संपताना बंद झालेली. “आता तूही माझ्याच रांगेत,” म्हणाला. त्याच्या आवाजात चिडवणं नव्हतं.

पण रांग तशी नव्हती. इथं कंपनी आहे, डीलर आहेत, लाखो क्रूझ रस्त्यावर आहेत, सुटे भाग मिळतात. नुकसान झालं ते पुनर्विक्रीच्या किमतीत. बंद झालेल्या मॉडेलला भाव कमी येतो आणि सिव्हिकला तो कायम टिकतो. तुम्ही चार-पाच वर्षांनी गाडी विकणारे असाल तर हा फरक खरेदीच्या दिवशीच हिशेबात धरा. दहा-बारा वर्षं ठेवणारे असाल तर त्याने फारसं अडत नाही.

अमेरिकन कंपन्यांनी साध्या छोट्या सेडान सोडून दिल्या याचं मला मनापासून वाईट वाटतं. डॉज डार्ट २०१६ ला गेली, फोर्ड फोकस २०१८ ला, मग क्रूझ. त्यामुळे ट्रॅक्ससारखी उंच बसणारी गाडीच तुमच्यापुढे उरते. ती फक्त पुढच्या चाकांवर चालते, चारही चाकांचा पर्याय नाही. मिशिगनच्या बर्फात त्याची भीती बाळगू नका. क्रूझही तशीच होती. चांगले हिवाळी टायर लावले तर पुरतं. त्या टायरांचे पैसे मात्र बाजूला काढून ठेवा.

डीलरकडे गेलात की पंधरा मिनिटांची चक्कर घेऊन परत येऊ नका. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा माझ्या रोजच्या रस्त्याने, अंधार पडल्यावर, बायको आणि मुलीला बसवून तासभर चालवली. एका डीलरने त्याला नकार दिला आणि वर रंगाच्या संरक्षणाचे आठशे डॉलर बिलात आपणहून घातले होते. तिथून मी उठून दुसरीकडे गेलो. त्याच दिवशी नवी सिव्हिकही तशीच तासभर चालवा. तिची हायब्रिड आता शहर-हायवे मिळून गॅलनला ४९ मैल देते, ट्रॅक्स ३०. किमतीतला फरक तुमच्या वर्षाच्या मैलांवर मांडून बघा.

आमची क्रूझ अजून आहे. एक लाख साठ हजार मैल झाले. मुलगी कॉलेजला कोलंबसला घेऊन गेलीय, क्लच तिला मीच शिकवला. रविवारी सकाळी तिचा फोन आला की मी आधी कूलंटचं विचारतो, मग जेवणाचं.