हंटला पोनीवर मूल पाठवताना: पालकांचे प्रश्न

नाताळच्या सुट्टीत इंग्लंड-आयर्लंडमधले बरेच हंट (घोड्यांवर बसून शिकारी कुत्र्यांच्या मागे जाणारे गट) खास मुलांसाठी एखादा दिवस ठेवतात, आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतून आमच्याकडे प्रश्न यायला लागतात. बहुतेक प्रश्न उडीबद्दल असतात. उडीची भीती रास्तच आहे, पण उडी टाळता येते. गर्दीत उभं राहणं, फाटकातून जाणं आणि दमलेल्या मुलाला वेळेत घरी आणणं हे टाळता येत नाही, म्हणून खालच्या उत्तरांत त्याबद्दलच जास्त सापडेल.

मुलगी नऊ वर्षांची आहे, दोन वर्षं पोनी क्लबात शिकते, तिची वेल्श पोनी (ठेंगणा घोडा) १२ हँडची, म्हणजे खांद्यापाशी साधारण चार फूट उंच आहे. पाच वर्षांची असताना ती माथेरानलाही बिनधास्त घोड्यावर बसली होती. हंटला न्यायला ती तयार आहे का, हे कसं ओळखायचं? (लेस्टरशायर)

माथेरान यात धरू नका. तिथला घोडा घोडेवाल्याच्या मागे चालतो, स्वाराला काही करावं लागत नाही. हंटला पन्नासएक घोडे एकदम सुटतात आणि पोनीच्या डोक्यात एकच विचार असतो, कळपाच्या मागे राहायचं नाही. मुलगी रिंगणात किती छान बसते याला इथे फारसा अर्थ नाही. कळप पुढे पळत असताना तिला पोनी थांबवता येते का, एवढंच बघायचं.

ते आधी तपासून घेता येतं. मोकळ्या शेतात चार-पाच घोड्यांबरोबर जा. बाकीचे कँटरने (हलक्या दौडीने) निघाले की मुलीने पोनी जागच्या जागी उभी ठेवायची, दहा आकडे मोजायचे आणि मग ट्रॉटने (दुडक्या चालीने) त्यांना गाठायचं. नंतर उलट करा: बाकीचे उभे राहतील आणि तिने पोनीला एकटीला लांब नेऊन आणायचं. मग उतारावरून ट्रॉट, लगाम एका हातात आणि दुसरा हात मानेच्या पट्ट्यात. शेवटी वीस मिनिटं नुसतं उभं राहणं. हे सर्वांत कंटाळवाणं, पण हंटचा बराचसा वेळ असाच जातो. पोनी कंटाळली की गवताला तोंड घालते, लगाम हिसकला जातो आणि मूल तिच्या मानेवरून थेट जमिनीवर येतं. यावर ग्रास रेन्स असतात: खोगिराच्या पुढच्या कड्यापासून कडियाळापर्यंत (तोंडातल्या लोखंडी दांडीपर्यंत) बांधलेल्या वाद्या. मान पुढे काढून चालता यावं, पण तोंड गवताला लागू नये, इतक्याच त्या सैल ठेवा. उडी मारायची असेल तर काढून टाका, कारण उडीत पोनीला मान पूर्ण लांब करावी लागते.

पोनीकडेही बघा. उन्हाळाभर चरून गोल झालेल्या पोनीला सहा ते आठ आठवडे रोजचं काम देऊन मगच न्या. गोल पोनीवर खोगीर उतारावर पुढे सरकतं, तिला शेपटीखालून जाणारा क्रपर लागतो. तंग (पोटाखालचा पट्टा) निघण्याआधी आणि पुन्हा दहा-पंधरा मिनिटांनी आवळायचा, कारण पहिल्यांदा आवळताना पोनी पोट फुगवून धरते. आणि मूल नवशिकं, पोनीही नवशिकी, अशी जोडी हंटला अजिबात नेऊ नका.

पहिल्या दिवशी दीड तास पुरे. परतायची वेळ घरून निघतानाच ठरवा. डिसेंबरच्या थंडीत बोटं बधिर झाली की मुलीला लगाम धरता येत नाही, आणि हे ती स्वतःहून सांगणार नाही, कारण तिला घरी जायचं नसतं. हातमोज्यांचा दुसरा जोड खिशात हवाच. ओले लोकरीचे मोजे निदान पकड देतात, ओलं गुळगुळीत कातडं देत नाही.

घोड्याच्या शेपटीला लाल फीत कशासाठी बांधतात? (यॉर्कशायर)

हा घोडा लाथ मारतो, असा तो इशारा असतो. हिरवी फीत म्हणजे घोडा नवखा आहे. लाल फीत बांधली की जबाबदारी संपली असं मात्र नाही. त्या स्वाराने सगळ्यांच्या मागे, कडेला राहायचं असतं. आणि फीत नसलेला घोडाही लाथ मारतोच, त्याचा मूड बिघडायला गर्दी पुरते.

१२ हँडच्या पोनीवर बसलेल्या मुलाची नडगी आणि गुडघा नेमके मोठ्या घोड्याच्या लाथेच्या टप्प्यात येतात. म्हणून एका घोड्याची लांबी, म्हणजे साधारण अडीच मीटर, अंतर ठेवायचं. मुलाला मीटर सांगून उपयोग नाही. पुढच्या घोड्याचे मागचे खूर आपल्या पोनीच्या दोन कानांमधून दिसले पाहिजेत, असं सांगा. दिसेनासे झाले तर आपण फार जवळ गेलो.

हाउंड (हंटचे शिकारी कुत्रे) जवळून जाऊ लागले की पोनीचं तोंड त्यांच्याकडे आणि मागचा भाग कुंपणाकडे करायचा. हाउंडला लाथ बसली तर मास्टर (हंटचे प्रमुख) तुम्हाला घरी पाठवतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

फाटकं ही दुसरी जागा. अरुंद फाटकात सगळे एकदम घुसतात, मुलाचा गुडघा खांबावर आपटतो, नाहीतर लगाम कडीत अडकतो आणि बुजलेली पोनी मागे हटताना फाटकच ओढत नेते. छोट्या मुलाने पोनीवर बसून फाटक उघडायचं नाही, मोठ्यांची वाट बघायची. आणि फाटक लावायला कुणी खाली उतरलं असेल तर ते परत खोगिरात बसेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. सगळे निघून गेले की त्या माणसाचा घोडा गरगर फिरू लागतो आणि त्याला रिकिबीत पायही घालता येत नाही.

मुलगा सहा वर्षांचा, शेटलंड पोनीवर. दोरी धरून मी पायी चालू की घोड्यावरून नेऊ? (काउंटी मीथ, आयर्लंड)

तुमचा घोडा गर्दीत दगडासारखा उभा राहत नसेल तर पायीच. पायी असाल तेव्हा पोनीच्या डावीकडे, तिच्या मानेजवळ चाला. दोरी हाताला गुंडाळू नका. पोनी उधळली तर बोटं तरी जातील, नाहीतर तुम्ही फरफटत जाल. उरलेली दोरी घड्या घालून तळहातात धरा.

घोड्यावरून नेताना पोनी उजवीकडे, तिचं डोकं तुमच्या गुडघ्यापाशी, दोरी उजव्या हातात. ती खोगिराला कधीही बांधायची नाही. दोरीवर असलेल्या मुलाला उडी मारायला लावू नका, स्वारांच्या पुढे राहून त्यांना नेणाऱ्या फील्ड मास्टरला विचारून उडी नसलेल्या वाटेने जा. चिखलाच्या डबक्यात शेटलंड पोनी पुढच्या पायाने पाणी उडवू लागली तर ती खेळत नाहीये, लोळायच्या बेतात आहे. तिला लगेच पुढे काढा.

टोपी, जॅकेट, एअर व्हेस्ट: यातलं नक्की काय घ्यायचं? वापरलेलं स्वस्तात मिळतंय. (सरे)

टोपी, म्हणजे घोडेस्वारीचं हेल्मेट, नवीच घ्या. एकदा जोरात आपटलेल्या टोपीचं आतलं कवच दबलेलं असतं आणि ते बाहेरून दिसत नाही. आत पास (PAS) ०१५:२०११ किंवा व्हीजी१ (VG1) मानकाची खूण आणि काइटमार्क हे ब्रिटिश प्रमाणचिन्ह हवं. स्नेल ई२०१६ (Snell E2016) किंवा त्यानंतरचं मानकही चालतं. जुनी मखमली टोपी शोभेची, ती भिंतीवर ठेवा. पट्टा लावायच्या आधी मुलाला डोकं खाली घालून हलवायला सांगा. टोपी घसरली तर माप चुकलं, पट्टा आवळून ते सुधारत नाही. ब्रिटनमध्ये रस्त्यावर घोड्यावर बसलेल्या १४ वर्षांखालच्या मुलाला टोपी घालणं १९९० च्या कायद्याने बंधनकारक आहे. पगडी घालणाऱ्या शीख मुलांना तेवढी सूट आहे.

बॉडी प्रोटेक्टरवर, म्हणजे छाती-पाठ झाकणाऱ्या जाड जॅकेटवर, बीटा (BETA) २०१८, लेव्हल ३ असं लेबल हवं. मागून तो मानेच्या तळाच्या हाडापर्यंत यायला हवा, पुढून सगळ्या फासळ्या झाकायला हव्यात आणि बसल्यावर खोगिराला टेकायला नको. वाढेल म्हणून दोन माप मोठा घेतला तर तो पडताना वर सरकून टोपीला ढकलतो. एअर व्हेस्ट त्यावर घालायचं असतं, त्याच्याऐवजी नाही. त्याची दोरी खोगिराला जोडलेली असते आणि ती खेचून व्हेस्ट फुगवायला काही किमान वजन लागतं. तुमच्या मुलाचं वजन तितकं आहे का, हे कंपनीच्या पुस्तिकेत बघा. उतरताना दोरी सोडायला मुलं विसरतात. मग व्हेस्ट भस्सकन फुगतं आणि आजूबाजूचे चार घोडे बुजतात.

या सगळ्यापेक्षा स्वस्त आणि तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे रिकीब. बुटाच्या दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा सेंटिमीटर जागा हवी. कमी असेल तर पाय अडकतो, जास्त असेल तर पाऊल पार निघून अडकतं. बाहेरच्या बाजूला रबरी कडं असलेली रिकीब छोट्या मुलांना चांगली, फक्त ते रबर चिरलेलं नाही ना, हे दर वेळी बघा आणि कडं बाहेरच्याच बाजूला असू द्या. बुटाला छोटी टाच हवी. खोगिरावर जिथे रिकिबीची वादी अडकते त्या पट्टीचं टोक वर वळलेलं नको, खाली हवं, म्हणजे मूल पडलं तर वादी निसटून येते. ट्रेनर्स (खेळाचे बूट) किंवा जाड नक्षीचे गमबूट घालून घोड्यावर बसवूच नका.

घरी शहाणी असलेली पोनी हंटला ओढत सुटते. कडक कडियाळ घालू का? (चेशायर)

एक पायरी वर जायला हरकत नाही. साध्या स्नॅफल कडियाळाऐवजी थोडं कडक किंबलविक, किंवा राउंडिंग्ज (दोन कड्या जोडणाऱ्या वाद्या) लावून एका लगामाचं पेल्हम. पण मुलाचे हात अजून स्थिर नसतील तर कडक कडियाळाने पोनी पुढे जायच्या ऐवजी मागच्या पायांवर उभी राहते, आणि ते ओढण्यापेक्षा वाईट. नवं कडियाळ आधी घरी दोन आठवडे वापरा. हंटच्या दिवशी पहिला प्रयोग नको.

बऱ्याच पोनींचा प्रश्न कडियाळाचा नसून खाद्याचा असतो. थंडी पडली म्हणून धान्य वाढवलं आणि काम वाढवलं नाही, तर ती ताकद कुठेतरी निघणारच. ओढणाऱ्या पोनीला सरळ रेषेत खेचत बसू नये. मोकळं शेत असेल तर मोठ्या वर्तुळात वळवून वर्तुळ लहान करत आणायचं. हे मुलाने घरी शिकून घेतलेलं असावं.

नात इंग्लंडमध्ये हंटला जाते म्हणतात. तिथे कोल्ह्याच्या शिकारीवर बंदी आहे ना? (पुणे)

हो आजोबा. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने बंदी आली आणि ती १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. त्यानंतर आधी ओढून ठेवलेल्या वासाच्या मागावर हाउंड सोडतात, त्याला ट्रेल हंटिंग म्हणतात. त्याच्या आडून खरी शिकार होते असा आरोप आहे, आणि २०२४ च्या जाहीरनाम्यात मजूर पक्षाने त्यावरही बंदीचं आश्वासन दिलं होतं. मीटच्या ठिकाणी (हंट निघण्याआधी सगळे जमतात तिथे) विरोधकांशी वादावादी होऊ शकते, मुलांना हे आधी सांगून ठेवलेलं बरं. घरच्यांना शिकार पटत नसेल तर ब्लडहाउंडचा हंट बघावा. तिथे हाउंड पळणाऱ्या माणसाचा माग काढतात, मार्ग ठरलेला असतो आणि मध्ये थांबे असतात. कुठे उडी आहे, कुठे वळसा आहे हे आधी विचारता येतं, त्यामुळे मुलांसाठी आम्हाला ते बरं वाटतं.

पडला, लगेच उठला, ‘काही झालं नाही’ म्हणाला. परत बसवायचं का? (डेव्हन)

डोकं आपटल्याची शंका असेल तर त्या दिवशी नाही. ‘पडल्यावर लगेच परत बसवा’ हा जुना सल्ला मेंदूच्या बाबतीत घातक आहे. गोंधळल्यासारखा बोलतोय, तोच प्रश्न पुन्हा विचारतोय, मळमळतंय, डोकं दुखतंय, झोप येतेय: यातलं एकही लक्षण असेल तर डॉक्टरला दाखवा. उलट्या, बेशुद्धी, झटका किंवा मान दुखणं असेल तर थेट ९९९. मानेला दुखापत वाटली तर त्याला हलवू नका आणि श्वास अडत नसेल तर टोपीही काढू नका. शेतात रुग्णवाहिकेला पत्ता सांगता येत नाही, म्हणून फोनवर ठिकाण दाखवणारं ॲप आधीच घालून ठेवा आणि एकाला फाटकापाशी उभं करा.

ब्रिटनमधल्या हौशी खेळांसाठी २०२३ मध्ये आलेल्या सूचनांनुसार कन्कशननंतर (डोकं आपटून मेंदूला हादरा बसल्यावर) पहिले २४ ते ४८ तास विश्रांती आणि स्पर्धेत परतायला किमान २१ दिवस लागतात. डोकं आपटण्याचा धोका असलेला सरावसुद्धा लक्षणं पूर्ण थांबून १४ दिवस झाल्यावरच. हंट याच खात्यात मोडतो. पुढचा मीट शनिवारी आहे म्हणून त्यात काही कमी होत नाही.

खरचटलं असेल तर मुलाची धनुर्वाताची लस झालेली आहे का ते बघा, पोनीचीही. रात्री पोनीच्या पायांवरून हात फिरवून ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपाचे काटे शोधा. सांध्यात किंवा स्नायुबंधाच्या आवरणात शिरलेला काटा बारीक असला तरी पू धरतो. सकाळी गरम वाटणारी जागा असेल किंवा ट्रॉटला पोनी लंगडत असेल, तर स्वतः कोरत न बसता पशुवैद्याला बोलवा.