प्री-मेड म्हणजे मेडिकलची सीट नव्हे

तुझा निरोप आधी तुझ्या आईकडून कळला, मग तू स्वतः लिहिलेलंही वाचलं. नीटमध्ये सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं, खासगी कॉलेजची फी घरच्यांना झेपणारी नाही, आणि न्यू जर्सीचे काका म्हणतात, त्यापेक्षा अमेरिकेत ये, चार वर्षं प्री-मेड कर, पुढे डॉक्टर होशील. हे खरंच असं होतं का, विषय कुठला घ्यायचा, खर्च किती येतो आणि ताई, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, असं तू विचारलंस. २००९ साली मी तुझ्याच जागी होते. कोल्हापुरात बारावी करून मी मिडवेस्टमधल्या एका राज्य विद्यापीठात आले ती डॉक्टर व्हायलाच. झाले नाही. आज लहान मुलांच्या रुग्णालयात जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबांना सल्ला देणारी, आहे आणि या कामावर माझा जीव आहे. पण जे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं ते तिसऱ्या वर्षी कळलं. तुझं तसं होऊ नये म्हणून सविस्तर लिहिते.

अमेरिकेत एमबीबीएस नाही. बारावीनंतर आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, त्यानंतर रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत एखाद्या शाखेचं प्रशिक्षण. फॅमिली मेडिसिन किंवा बालरोग असेल तर ती तीन वर्षांची, जनरल सर्जरी पाच, न्यूरोसर्जरी सात. एकही वर्ष वाया न जाता सगळं पार पडलं तरी आज अठराची असलेली तू स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट बघशील ती एकोणतिसाव्या वर्षी. आनंदीबाई जोशी १८८३ साली इथे आल्या तेव्हा असं नव्हतं. त्या फिलाडेल्फियाच्या मेडिकल कॉलेजात थेट दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये एमडी, म्हणजे इथली डॉक्टरकीची पहिली पदवी, घेऊन बाहेर पडल्या. पुढे १८९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सनं आधी पदवी हवी अशी अट घातली. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानं इथल्या सुमार मेडिकल कॉलेजांची लक्तरं वेशीवर टांगली, आणि हळूहळू आधी कॉलेजात शास्त्र शिकून मगच मेडिकल, ही रीत देशभर पडली.

आता प्री-मेड. हे पदवीचं नाव नाही, बहुतेक ठिकाणी तो विषयसुद्धा नाही. तुझ्या पदवीवर बायोलॉजी, केमिस्ट्री, मानसशास्त्र असं काहीतरी लिहिलेलं असेल. मेडिकल स्कूलला लागणारे कोर्स त्या चार वर्षांत घेणाऱ्याला प्री-मेड म्हणतात, बास. ‘अमेरिकेत प्री-मेडला ॲडमिशन करून देतो’ असं सांगणारा एजंट तुला साध्या पदवीची जागा देतो आहे, मेडिकलची नाही. बारावीनंतर पदवी आणि मेडिकल दोन्हींचा एकत्र प्रवेश देणारे काही कार्यक्रम आहेत, ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा कार्यक्रम त्यातला नावाजलेला. पण त्या जागा हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड मागतात.

कोर्स कुठले ते सांगते. जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोलॉजी आणि फिजिक्स, प्रत्येकी एक वर्ष आणि प्रत्येकाची लॅब. एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी लेखन. मानसशास्त्र आणि समाजशास्त्रही घे, कारण एमकॅट या प्रवेशपरीक्षेचा एक अख्खा भाग त्यावर असतो. ती परीक्षा सगळं धरून साडेसात तासांची. गुण ४७२ ते ५२८, सरासरी ५०० च्या आसपास, आणि प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११ च्या पुढे. बारावीचं फिजिक्स-केमिस्ट्री तुझं पक्कं असणार, त्यामुळे पहिलं सेमिस्टर सोपं जाईल. इथेच पुष्कळ जणांची फसगत होते. आपल्याकडे वर्षाच्या शेवटी एक परीक्षा मारून नेता येते, इथे पहिल्या आठवड्यातली क्विझही ग्रेडमध्ये धरतात. चारपैकी ३.७ च्या वर जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ठेवायचा म्हणजे चार वर्षांत एक सेमिस्टरही ढिलं सोडता येत नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत मला पहिल्यांदा बी-मायनस मिळाला तेव्हा मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडले होते. नंतर प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना जायला लागले. आपण मुली सरांना शंका विचारायला कचरतो, पण इथे न विचारणाऱ्याला रस नाही असं समजतात. शिवाय मेडिकलच्या अर्जाला शिफारसपत्रं लागतात, आणि तीनशे जणांच्या वर्गात ज्यांना तुझं नावही माहीत नाही ते काय लिहिणार? म्हणून पहिल्या महिन्यापासून जा.

मुख्य विषय कुठला, याची काळजी करू नकोस. कोर्स पूर्ण असले की संगीतात पदवी घेतलेल्यालाही मेडिकल स्कूल घेतं. बायोलॉजीचा एक फायदा मात्र आहे. तो स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांत, मोडतो, त्यामुळे पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावरच एक वर्ष अधिक दोन वर्षं, अशी तीन वर्षं काम करता येतं.

आता जे मला तिसऱ्या वर्षी कळलं ते. एका वर्षात साधारण ५२ हजार जण एमडीसाठी अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास प्रवेश होतात. हे ऐकून वाटतं, निम्म्यांना मिळतंय की! पण हे आकडे मुख्यतः अमेरिकन नागरिकांचे आणि ग्रीनकार्डवाल्यांचे आहेत. तू एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर येशील. राज्य सरकारांची बहुतेक मेडिकल स्कूल्स परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज उघडूनसुद्धा बघत नाहीत, कारण त्या जागा राज्यातल्या करदात्यांच्या मुलांसाठी असतात. टेक्ससमध्ये तर ९० टक्के जागा राज्यातल्या रहिवाशांना देण्याचं बंधन आहे. उरतात ती मुख्यतः काही खासगी मेडिकल स्कूल्स, तीही देशातली सर्वांत चुरशीची. त्यातली काही चारही वर्षांची फी आधीच खात्यात भरून ठेवा म्हणतात.

माझ्या विद्यापीठाचं स्वतःचं मेडिकल स्कूल होतं. तिथेच पुढे जाईन असं मी दोन वर्षं धरून चालले होते, आईबाबांनाही तसंच सांगितलं होतं. तिसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये सल्लागार बाई सहज म्हणाल्या, ते परदेशी विद्यार्थ्यांना घेत नाहीत, तुला माहीत होतं ना? मला माहीत नव्हतं, आणि तोवर कोणी सांगितलंही नव्हतं. तरी मी १४ ठिकाणी अर्ज केले. एक मुलाखत आली, प्रवेश आला नाही. पदवीनंतर दोन वर्षं लॅबमध्ये काम करून पुन्हा अर्ज केले. दोन मुलाखती, एका ठिकाणी प्रतीक्षायादी, आणि ऑगस्टपर्यंत फोनकडे डोळे लावून बसणं. फोन आला नाही. ते सगळं पचवायला मला बराच काळ लागला, ते तुझ्यापासून लपवत नाही.

पुढचा परिच्छेद बाबांना वाचून दाखव. राज्य विद्यापीठात बाहेरच्या विद्यार्थ्याला राहण्या-खाण्यासकट वर्षाला साधारण ४० ते ६० हजार डॉलर लागतात, म्हणजे बऱ्याच ठिकाणी वर्षाचे ४० लाख रुपये सहज. खासगी विद्यापीठात आकडा ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. मेरिट स्कॉलरशिप मिळते, मलाही मिळाली, पण पूर्ण खर्च भागवणारी क्वचितच. त्यानंतर मेडिकलच्या चार वर्षांची फी वेगळी. अमेरिकन सरकारचं शैक्षणिक कर्ज एफ-वनवाल्यांना मिळत नाही. आता नागरिकांनाही मेडिकलसाठी वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच सरकारी कर्ज देण्याचा नियम जुलै २०२६ पासून आहे. न्यूयॉर्कच्या आइनस्टाइन मेडिकल कॉलेजची फी २०२४ मध्ये कायमची माफ झाली, ती बातमी तुम्हाला व्हॉट्सॲपवर आली असेल. ती खरी आहे. पण आधी त्या दारातून आत जावं लागतं. शेत किंवा घर गहाण टाकून हा मार्ग धरू नका, दादा. पहिल्या चार वर्षांचा खर्च कर्जाशिवाय किंवा फेडता येईल अशा छोट्या कर्जात बसत असेल तरच विचार करा.

काका म्हणतात तशी आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढलीस तर पैसे वाचतील हे खरं. पण शास्त्राचे कोर्स तिथे केलेले काही मेडिकल स्कूल्सना आवडत नाहीत. भारतात बीएससी करून थेट अर्ज करायचा म्हणशील तर बहुतेक ठिकाणी इथल्या विद्यापीठातले कोर्स मागतातच. आणि कॅरिबियन बेटांवरच्या कॉलेजांची जाहिरात कोणी पाठवली तर आधी थांब. त्यातली बरीच कॉलेजं शेवटची वर्षं अमेरिकेतल्या रुग्णालयांत करवतात. भारताच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे मात्र ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप एकाच परदेशी संस्थेत व्हावी लागते. उद्या मिरजेला परत येऊन दवाखाना टाकायचा म्हटलंस तर तिथेच अडशील.

मार्कांइतकंच वजन इथे रुग्णांबरोबर घालवलेल्या वेळाला असतं. यातली गंमत अशी की एफ-वनवर तुला विद्यापीठाच्या आवारातच आठवड्याला २० तास पगारी काम करता येतं. त्यामुळे तुझ्या अमेरिकन मैत्रिणी करतात तशी रुग्णवाहिकेवरची किंवा दवाखान्यात डॉक्टरांच्या नोंदी टिपून घ्यायची नोकरी तुला घेता येणार नाही. स्वयंसेवक म्हणून जावं लागेल. मी दर शनिवारी सकाळी एका हॉस्पिसमध्ये जायची. बरे होणार नाहीत अशा माणसांची शेवटची सोय तिथे होते. एक आजी होत्या, त्यांना दिसत नव्हतं. मी त्यांना गावचं वर्तमानपत्र वाचून दाखवायची, निधनवार्तांपासून सुरुवात करायची असा त्यांचा हट्ट. ओळखीचं नाव आलं की त्या माणसाबद्दल अर्धा तास सांगायच्या. दीड वर्षात मी ना कोणाची नाडी बघितली ना कोणाला गोळी दिली. पण आजारी माणसापाशी गप्प कसं बसायचं ते मी तिथे शिकले, आणि आज एखाद्या आईला तिच्या बाळाचा रिपोर्ट सांगताना तेच कामी येतं.

जेनेटिक काउन्सेलिंगबद्दल तुला कोणी सांगितलं नसेल. पदवीनंतर दोन वर्षांची मास्टर्स आणि मग बोर्डाची परीक्षा. घरात थॅलेसेमिया असेल, बाळाला डाऊन सिंड्रोम असल्याचं कळलं असेल, आईला आणि मावशीला दोघींनाही स्तनाचा कर्करोग झाला असेल, अशा कुटुंबांबरोबर बसून तपासणी कुठली करायची, निकालाचा अर्थ काय, पुढे काय करता येईल हे बोलायचं. प्री-मेडचे कोर्स जवळजवळ सगळे कामाला येतात. त्याच पदवीवर फिजिशियन असिस्टंट, फार्मसी, फिजिओथेरपी, पब्लिक हेल्थ हेही रस्ते निघतात. व्हिसाची अडचण सगळीकडे आहेच. विद्यापीठाशी जोडलेल्या ना-नफा रुग्णालयांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून सूट असते, माझं काम त्यामुळेच झालं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावणारा आदेश निघाला. असं काहीही केव्हाही बदलू शकतं हे धरूनच पाऊल टाक. जन्म भारतातला असल्यामुळे ग्रीनकार्डाची रांगही फार लांब आहे.

मग तुझ्या जागी असते तर? ‘थोडक्यात हुकलं’ असं तू लिहिलं आहेस. तसं असेल तर मी एक वर्ष थांबून नीट पुन्हा दिली असती. मिरजेचं काय, सोलापूरचं किंवा नांदेडचं सरकारी कॉलेज मिळालं तरी साडेपाच वर्षांत, इंटर्नशिपसकट, हातात एमबीबीएस असतं आणि त्या फीत इथलं एक सेमिस्टरही होणार नाही. अमेरिकेची ओढ तेव्हाही राहिली तर यूएसएमएलई या इथल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षा देऊन रेसिडेन्सीला येता येतं. तेही सोपं नाही. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, तुझ्यासारख्या परदेशी डॉक्टरांपैकी सुमारे ५८ टक्क्यांनाच जागा मिळाली. पण ज्यांना नाही मिळाली तेही डॉक्टर आहेतच. माझ्या वर्गातली कोल्हापूरची मैत्रीण याच वाटेनं आली, आज ती ओहायोत बालरोगतज्ज्ञ आहे.

मात्र शास्त्रच शिकायला आवडत असेल, लॅबमध्ये रात्री उशिरापर्यंत थांबावंसं वाटत असेल, आणि डॉक्टर नाही झाले तरी ही पदवी घेतल्याचा पस्तावा होणार नाही असं तू स्वतःला खरं सांगू शकत असशील, तर जरूर ये. तुझी सोय लावायला मी आहे.

तोवर एवढं कर. काकांनी सुचवलेल्या तिन्ही विद्यापीठांच्या प्री-मेड सल्लागारांना ईमेल लिही आणि दोनच गोष्टी विचार: गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडून एफ-वन व्हिसावरचे किती विद्यार्थी एमडीला गेले, आणि ते कुठल्या मेडिकल स्कूल्समध्ये गेले? गोलमोल उत्तर आलं तर पुन्हा विचार, संकोच करू नकोस. आलेली उत्तरं मला पाठव, म्हणजे रविवारी तुमच्या संध्याकाळी फोनवर बाबांसकट बसून बघू.