पाया कच्चा आहे म्हणणाऱ्या मुलाची वही

"मॅडम, माझा पायाच कच्चा आहे. निबंधाला बसलं की चार ओळींत सगळं संपतं." वय २४, आठवीत घरच्या अडचणीमुळे शाळा सुटलेली, पुढे मुक्त विद्यापीठातून पदवी, आता स्पर्धा परीक्षा. क्लासला पैसे नाहीत आणि लिहिलेलं कुणाला दाखवायची लाज. (ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.)

अशा मुलांना बेंजामिन फ्रँकलिन फार उपयोगी पडतो. पुढे तडितरक्षक शोधणारा आणि फ्रान्समध्ये अमेरिकेची बाजू लढवणारा मुत्सद्दी नव्हे, तर बॉस्टनच्या छापखान्यात उमेदवारी करणारा पोरगा. जन्म १७०६चा, वडील मेणबत्त्या आणि साबण करायचे. भावंडं १७, त्यांत हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं, त्यातही गणितात नापास. मित्राशी पत्रांतून घातलेला वाद वडिलांच्या हाती पडला, तेव्हा ते म्हणाले, शुद्धलेखन तुझं चांगलं, पण मांडणी आणि स्पष्टपणा कमी पडतो. "तुला येत नाही" यापेक्षा हे कितीतरी कामाचं बोलणं. कुठे काम करायचं ते त्यातून कळतं.

लिखाण सुधारायला फ्रँकलिनने स्वतःसाठी एक रीत काढली होती, तीच आम्ही घेतली. अग्रलेखातला साधारण २०० शब्दांचा उतारा निवडायचा. प्रत्येक वाक्यासाठी दोन-तीन शब्दांची खूण चिठ्ठीवर लिहायची. उतारा चार दिवस बाजूला ठेवायचा, मग खुणांवरून स्वतःच्या वाक्यांत लिहायचं आणि मूळ उताऱ्याशी ताडून चुका लाल पेनाने दाखवायच्या. पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी फसल्या. खुणा अर्ध्या वाक्याएवढ्या झाल्या आणि त्याने त्याच संध्याकाळी लिहून काढलं. ते नुसतं पाठांतर झालं. मूळ शब्द विसरायला हवेत, तरच आपला शब्द शोधावा लागतो.

मांडणीसाठी फ्रँकलिन खुणा मिसळून टाकायचा आणि काही आठवड्यांनी त्या पुन्हा योग्य क्रमाने लावायचा. शब्द कमी पडतात म्हणून गद्याचं पद्य करायचा, विसर पडला की त्याचं पुन्हा गद्य. मात्रा आणि यमक जुळवताना एकाच अर्थाचे चार शब्द धुंडाळावे लागतात. या मुलाने आजीच्या जात्यावरच्या ओवीची चाल धरली.

लाजेवरचा उपायही तिथलाच. १७२२मध्ये, सोळाव्या वर्षी, फ्रँकलिनने एका विधवेच्या नावाने अक्षर बदलून पत्ररूपी लेख लिहिला आणि रात्री भावाच्याच छापखान्याच्या दाराखालून सरकवला. तशी १४ पत्रं भावाच्या वृत्तपत्रात छापून आली. आमच्या मुलाने निबंध टाइप करून, नाव न घालता, अभ्यासिकेतल्या इतर तिघांच्या निबंधांत मिसळून वाचायला दिला.

सहाव्या आठवड्यात वही पाहिली. पहिल्या पानावर ११ वेळा "आणि" होतं, सगळ्यांभोवती लाल गोल. आता त्या जागी "म्हणून", "तरीही", "एरवी" आले होते. एका ओळीखाली मात्र हिरवी रेघ होती. तिथे त्याचं वाक्य मूळ उताऱ्यापेक्षा सरस उतरलं होतं, आणि ते त्याचं त्यालाच कळलं होतं.