मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी

(यूएक्स, म्हणजे युजर एक्सपीरियन्स, अ‍ॅप किंवा वेबसाइट वापरणाऱ्याला सोपी जावी यासाठीचं डिझाइन, याबद्दल आलेल्या वाचकांच्या प्रश्नांना आमच्या स्तंभलेखिकेची उत्तरं)

प्रश्न : ताई, मी तीन वर्षं ग्राफिक डिझाइन करतोय, लोगो, पोस्टर वगैरे. यूएक्समध्ये यायचंय म्हणून कोर्स केला, फिग्मा (स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी जमतं, पोर्टफोलिओत चार मोठ्या अ‍ॅप्सचं रीडिझाइन टाकलंय. चाळीसेक ठिकाणी पाठवला, एकाही मुलाखतीला बोलावलं नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : तुझं काम मी बघितलेलं नाही, पण चारही रीडिझाइन आहेत म्हणालास तिथेच मला अडचण दिसते. आधीची स्क्रीन वाईट आहे हे तुला कुणी सांगितलं? तुलाच वाटलं ना? मग चारही प्रोजेक्टमध्ये वापरणारा माणूस कुठेच नाही, फक्त तुझी आवड आहे, आणि रंग-टाइप कितीही छान असले तरी पोर्टफोलिओ बघणाऱ्याला यातून कळत नाही की तू विचार कसा करतोस.

माझं सांगते. मीसुद्धा छपाईच्या कामातूनच आले. पहिलं मोठं काम मिळालं ते एका हॉस्पिटलच्या पेशंट नोंदणीचं. दोन महिने ऑफिसात बसून स्क्रीन घासूनपुसून चकचकीत केल्या आणि मग एक दिवस सहज काउंटरवर जाऊन बसले. नोंदणी करणाऱ्या बाईंच्या मॉनिटरच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी होती, टोकं मुडपलेली, वरून सेलोटेप मारलेला, त्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं, ‘सेव्ह दाबल्यावर थांबणे. परत दाबू नये.’ मी विचारलं हे काय, तर म्हणाल्या, अहो दाबलं तरी काहीच होत नाही म्हणून परत दाबलं जातं आणि मग पेशंट दोनदा चढतो, माझीच चूक आहे, मला घाई असते.

पोटात कालवलं माझ्या. सेव्ह व्हायला चार-पाच सेकंद लागत होते आणि तेवढा वेळ बटण जसंच्या तसं, दाबलं गेलं की नाही कळायला काही मार्गच नाही. वस्तू वापरायला सोप्या कशा होतील यावर संशोधन करणारे जेकब निल्सन यांनी सांगितलेलं आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतं, 0.1 सेकंदात प्रतिसाद आला तर लगेच झालं असं वाटतं, 1 सेकंदापर्यंत विचाराची तंद्री टिकते, 10 सेकंदांनंतर लक्ष उडतं. मला ते पाठ होतं, आणि तरी माझ्या नव्या स्क्रीनवरही तेच मुकं बटण होतं, फक्त रंग बदललेला. दुरुस्ती अर्ध्या दिवसाची निघाली : एकदा दाबल्याबरोबर बटण परत दाबता येणार नाही आणि त्यावर ‘नोंद होतेय’ असं येईल, मग नोंदणी क्रमांक दिसेल. पुढच्या वेळी गेले तेव्हा चिठ्ठी नव्हती, फक्त सेलोटेपचा डाग होता.

तर तू असं कर, चारपैकी तीन रीडिझाइन काढून टाक. ओळखीतल्या कुणाला रोज भरावा लागणारा एखादा फॉर्म घे, पाच जणांना तुझ्यासमोर भरायला सांग आणि गप्प बस. हे गप्प बसणं फार अवघड जातं, हात शिवशिवतात ‘अहो इथे क्लिक करा’ म्हणायला, पण मदत केलीस की बघण्यासारखं काही उरत नाही. पाचच का, तर निल्सन यांनीच 2000 मध्ये मांडलं होतं की एवढ्यांतच बहुतेक अडचणी दिसतात, म्हणून एकदम मोठी टेस्ट करण्यापेक्षा पाच जण, मग दुरुस्ती, मग परत पाच जण. पोर्टफोलिओत ते सगळं लिही, आधी तुला काय वाटत होतं, काय बघून मत बदललं, कुठला आराखडा फेकला आणि का. ग्राफिकमधली वर्षं वाया गेलेली नाहीत हां, नजर कुठे आधी जाते हे तुझ्या हाताला माहिती आहे, फक्त फिकट राखाडी अक्षरांचा मोह सोड, नेहमीच्या आकाराच्या मजकुराला मागच्या रंगाशी कमीत कमी 4.5:1 कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, लागतो.

प्रश्न : मुलाखतीत डिझाइन फिलॉसॉफी विचारतात आणि मी ‘सिंपल, क्लीन’ असं काहीतरी बोलते. तुमची काय आहे?

उत्तर : माणसाची चूक म्हणण्याआधी वस्तूकडे बघायचं, एवढीच. यूएक्स हा शब्द तसा अलीकडचा, डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन 1993 मध्ये अ‍ॅपलमध्ये गेले तेव्हा त्यांच्या हुद्द्यात तो आला, पण काम त्याहून जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-17 विमानांचे वैमानिक उतरल्यावर पंखांचे फ्लॅप मिटायच्या ऐवजी चाकंच आत घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. शिक्का एकच, वैमानिकाची चूक. अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट बघितलं तर दोन्ही कंट्रोल शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे! त्याने चाकांच्या कंट्रोलला छोटं रबरी चाक लावलं आणि फ्लॅपच्या कंट्रोलला पाचरीसारखा तुकडा, म्हणजे न बघताही हाताला कळावं. काउंटरवरच्या बाई ‘माझीच चूक’ म्हणाल्या तेव्हा मला हेच आठवलं.

आणि ‘सिंपल’बद्दल म्हणशील तर संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर यांचं म्हणणं मला पटतं, कुठल्याही कामातला काही गुंता कमी होतच नाही, तो कुणी सोसायचा एवढंच ठरवायचं असतं. मोबाइल नंबरमध्ये एक स्पेस पडली की लाल अक्षरांत ओरडणारे फॉर्म बघितलेस ना? ती स्पेस काढणं प्रोग्रामला दोन मिनिटांचं काम, ते हजारो लोकांच्या गळ्यात का मारायचं?

प्रश्न : साहेब सांगतात, सबस्क्रिप्शन बंद करायचं बटण सापडू नये असं कर. नोकरी नवी आहे. काय करू?

उत्तर : याला नाव आहे, डार्क पॅटर्न, म्हणजे वापरणाऱ्याला फसवणारं डिझाइन, यूएक्स डिझायनर हॅरी ब्रिगनल यांनी 2010 मध्ये दिलेलं. माझ्या मते हे करू नये, आणि त्यावर मी ठाम आहे. पण थेट ‘हे अनैतिक आहे’ म्हणून भिडू नका, आधी सपोर्टवाल्यांकडे जा, बंद करता येत नाही म्हणून किती फोन येतात आणि किती जण पैसे परत मागतात ते आकडे घ्या आणि साहेबांसमोर ठेवा. सोबत दुसरा पर्यायही न्या, ‘महिनाभर थांबवा’ असा, बंद करायच्या बटणाच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत. तरी ऐकलं नाही तर तुमचं मत ईमेलवर लेखी ठेवा आणि शांतपणे दुसरीकडे बघायला लागा.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, वय 38. उशीर झालाय का? कोड यायलाच हवा का?

उत्तर : नाही आणि नाही. कोडमध्ये काय सोपं, काय महाग पडतं एवढं समजलं की डेव्हलपरशी बोलता येतं. आणि वर्गात कुणाला कळलं नाही हे चेहऱ्यावरून ओळखायची सवय तुम्हाला आधीच आहे, आम्हाला ती मुद्दाम लावून घ्यावी लागते. सुरुवात शाळेतूनच करा, निकाल भरायचं जे सॉफ्टवेअर आहे ते एखाद्या सहकाऱ्यांना तुमच्यासमोर वापरायला सांगा, कुठे थांबले, किती वेळ थांबले, काय पुटपुटले ते लिहून काढा आणि मला पाठवा, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.