चढावर ट्रेलर, आणि तापलेला गिअरबॉक्स

प्रश्न : नमस्कार, आम्ही फ्रीमाँटला राहतो. मागच्या ऑगस्टमधे एसयूव्हीला छोटा कॅम्पर जोडून लॉस अँजेलिसला निघालो होतो, वाटेतला ग्रेपव्हाइनचा डोंगरी चढ अर्धाही झाला नव्हता तर 'ट्रान्समिशन हॉट', म्हणजे गिअरबॉक्स तापलाय, असा मेसेज आला. घाबरून कडेला घेतली आणि लगेच बंद केली. इंजिनचा काटा तर नॉर्मल होता! ही म्हणते ट्रेलर विकून टाका. पुढच्या महिन्यात परत जायचंय, काय करू?

उत्तर : विकू नका हो एवढ्यात. तो काटा कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं टेंपरेचर दाखवतो, गिअरबॉक्सच्या तेलाचं नाही, म्हणून तो नॉर्मलच राहिला. ऑटोमॅटिकमधे टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे समोरासमोर दोन पंखे आणि मधे तेल, एकाने ढकललेल्या तेलावर दुसरा फिरतो. सपाट हायवेवर लॉकअप क्लच दोघांना जखडून टाकतो, घसरणं बंद, तापणंही जवळपास बंद. पण मागे वजन, समोर चढ, तुम्ही 'डी'मधे (ड्राइव्ह, गिअर गाडीच ठरवते) पाय दाबून बसलेले, मग गाडी पाचवा-सहावा, पाचवा-सहावा करत राहते, लॉकअप सारखा सुटतो आणि रवी लावल्यासारखं तेल घुसळलं जातं. ती सगळी ताकद उष्णता होऊन तेलात उतरते.

म्हणून चढ लागायच्या आधीच टो-हॉल मोड (वजन ओढताना गिअर खालीच धरून ठेवणारं बटण) लावा, नसेल तर हाताने एक-दोन गिअर खाली घ्या. इंजिन साडेतीन-चार हजार आरपीएमला ओरडेल, ओरडू दे. आवाज वाढला की वरचा गिअर टाकायचा, पेट्रोल वाचतं, ही आपली देशातली सवय इथे नडते बघा. उलट आरपीएम वाढला की गिअरबॉक्सचा पंप तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जास्त तेल ढकलतो. स्पीड पडला तर पडू दे, कॅलिफोर्नियात ट्रेलर मागे असला की लिमिट तशीही ५५ मैलच आहे, आणि ६ टक्क्यांचा तो चढ काही मैलांतच संपतो, वर टेहोन पास ४,१४४ फुटांवर. चढावर एसी बंद (मुलं कुरकुर करतील, करू देत), त्यापेक्षा पहाटेच चढून जा. कॅम्परमधली पिण्याच्या पाण्याची टाकी घरून भरून नेता का? ३० गॅलन पाणी म्हणजे २५० पौंड, तिकडे पोचून भरा.

चुकलं ते लगेच बंद केलीत तिथे. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, गरम तेल जिथल्या तिथे. पुन्हा असं झालं तर सुरक्षित जागी थांबून, गिअर 'पार्क'मधे टाकून हजार-बाराशे आरपीएमवर ५-१० मिनिटं चालू ठेवा. इंजिनचाही काटा लाल असेल तर मात्र बंदच करा.

तेल साधारण १७५ ते २०० डिग्री फॅरनहाइटला सुखी असतं, २४० च्या वर गेलं की आत वार्निशसारखा थर धरायला लागतो. तुमचं एकदा तापलंय, तेव्हा निघायच्या आधी तपासून घ्या, तपकिरी झालं असेल, जळका वास येत असेल तर बदलाच, 'लाइफटाइम ऑईल आहे' असं कोणी म्हटलं तरी, कारण ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचा हिशोब वेगळा. सोबत रेडिएटरच्या पुढे एक जादा ट्रान्समिशन कूलर बसवून घ्या, खर्च आहे, पण नव्या गिअरबॉक्सपुढे काहीच नाही.

आणि हो, गाडीचं मॉडेल लिहिलं नाहीत. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) असेल तर गिअर खाली घ्यायचं वरचं सगळं विसरा, आधी मॅन्युअलमधे टो रेटिंग, म्हणजे गाडी किती वजन ओढू शकते ते बघा, त्यात कॅम्पर बसतो का ते कळवा, मग बोलू.