हॅझर्डच्या रकान्यात रिस्क लिहू नकोस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

रबाळ्याच्या प्लांटसाठी तू भरलेला सुरक्षिततेचा, हॅझर्ड आणि रिस्क नोंदवायचा तक्ता रात्री बसून वाचला. मेहनत दिसते. पण टोल्युइन या ज्वालाग्राही द्रावकाच्या ड्रमसमोर, हॅझर्डच्या रकान्यात, तू ‘आग लागण्याची शक्यता कमी’ असं लिहिलं आहेस. ती रिस्क झाली. टोल्युइन साधारण ४ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, हा त्याचा अंगचा गुण, म्हणजे हॅझर्ड. ड्रमचं झाकण लावलंय का, अर्थिंग केलंय का, शेजारी वेल्डिंग चालू आहे का, जवळ किती माणसं आहेत, यावर ठरते ती रिस्क. अपाय होण्याची शक्यता किती आणि झालाच तर केवढा, हे दोन्ही त्यात धरायचं. आपण हॅझर्ड आणि रिस्क दोन्हींना सरसकट ‘धोका’ म्हणतो, तिथेच गल्लत होते. रिस्कला जोखीम म्हणायची सवय लाव.

१९८४ चं भोपाळ आठव. टाकीतला मिथिल आयसोसायनेट आदल्या वर्षीही तितकाच विषारी होता. पण टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद केली होती, निसटणारा वायू धुऊन निकामी करणारा स्क्रबर सज्ज नव्हता, तो जाळून टाकणाऱ्या फ्लेअरकडे जाणारा पाइप जोडलेला नव्हता. हॅझर्ड तोच राहिला आणि जोखीम चढत गेली. म्हणून हा तक्ता वर्षातून एकदा भरून फाइलला लावायचा कागद नाही. आणि एवढा साठा ठेवायची गरज होती का, हा प्रश्न थेट हॅझर्डचा आहे. तो तुझ्या तक्त्यात एकाही ओळीत नाही, याचं मला वाईट वाटलं.

उपायांच्या रकान्यातही हेच बघ. गॉगल, हातमोजे, वर्क परमिट म्हणजे कामाआधीची लेखी परवानगी, यांनी जोखीम उतरते; हॅझर्ड जागच्या जागी असतो. पाण्यासाठी क्लोरीनच्या सिलिंडरऐवजी हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, आणलं तर मात्र हॅझर्डच बदलतो. हायपोची अ‍ॅसिडशी गाठ पडली की क्लोरीनच सुटतो, तेही लिहायचं.

कवटीची पाटी असलेल्या ड्रमपाशी सगळे जपून वागतात. मला खरी काळजी ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, रिकाम्या टाकीची आहे. तिथल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच मरते; वास थांबला म्हणून माणूस बिनधास्त उतरतो. तो पडला की त्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही पडतो. टाकी बंद असताना जोखीम नगण्य, झाकण उघडून पहिला पाय शिडीवर ठेवला की प्रचंड. तुझ्या तक्त्यात या टाकीला जोखमीचा एकच आकडा आहे. दोन ओळी कर.

त्यासाठी टेबलाशी बसून अंदाज बांधू नकोस. रात्रपाळीच्या ऑपरेटरला भेट. शेवटचं कोण उतरलं होतं, आधी गॅस मीटर लावला होता का, वर कोण उभं होतं, हे त्याच्याकडून ऐकून लिही आणि सोमवारी तक्ता घेऊन ये.

तुझा,
काका